वजा चाळीस क्विंटल

समुद्रपुरात समुद्र नाही.
जिनिंगच्या मागच्या हॉलमध्ये
अकरा मुलं, सात लॅपटॉप
आणि सरकीचा वास,
पंख्याला न जुमानणारा.

मी फळ्यावर लिहितो:
बाहेरून आलेल्या कशावरही विश्वास ठेवायचा नाही.
वळतो, तर दारात किटली घेऊन एक पोरगा,
मी कोण, कुठला, काही न विचारता
कप भरून मोकळा.

"काहून जी सर?" अस्मिता कुमरे विचारते,
"आमच्या घराले तर कडीच नाही."

मला लगेच सांगता येत नाही.
स्लाइड पुढे सरकवतो.
फॉर्ममधला प्रत्येक रकाना म्हणजे दार, वगैरे.
नागपुरात या वाक्याला माना डोलतात.

उत्तर शेवटच्या बाकावरून येतं, खुशाल मेश्रामचं:
"कुंपण काय शेजाऱ्यासाठी असते?
डुकरासाठी असते.
शेजाऱ्याले फाटक माहीत रायते."

माझं वाक्य पुसून
मी त्याचं लिहितो.

दुपारी सरावाला वजनकाट्याचं सॉफ्टवेअर घेतलं,
याच जिनिंगचं, वेगळी प्रत काढून.
अस्मितानं वजनाच्या रकान्यात
चाळीसच्या आधी एक आडवी रेघ टाकली.
काही अडलं नाही.
प्रिंटर करकरला, पावती आली:
कापूस, वजा चाळीस क्विंटल.

काट्यावरचे डोमाजी लोणारे
पावती खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले,
"म्हणजे कापूस नाही,
कापसाचा खड्डा आणला गाडीत भरून."
हॉल हसला. ते हसले नाहीत.
"मी डायवरले आधी खाली उतरवतो,
मंग काटा पाह्यतो.
तुमच्या मशीनले हे कोणी शिकवलं नाही?"

कोणी लिहिलं हे, म्हणून खुशाल
फाइलच्या माथ्यापर्यंत गेला.
तिथं एक तारीख, नऊ वर्षांपूर्वीची,
आणि घाईत टाईप केलेलं एक नाव.

माझं.

तेव्हा मी चोवीसचा होतो,
शनिवारच्या आत बिल काढायचं होतं,
आणि काट्यावर बसून कोण कशाला वजा लिहील,
असं मला वाटलं होतं.
खरंच वाटलं होतं.

कोणी काही बोललं नाही.
अस्मितानं तिची खुर्ची थोडी सरकवली,
माझ्यासाठी जागा झाली.
चार ओळी लागल्या.
शून्य किंवा त्याहून कमी, तर परत.

मग जोर चढला तिला,
नावाच्या रकान्यालाही पहारा बसवला,
माझ्याच सकाळच्या स्लाइडवरून उतरवून:
फक्त इंग्रजी अक्षरं.
डोमाजींनी आपलं नाव टाकून पाहिलं,
मराठीत, एका बोटानं, काना-मात्रा शोधत.
परत. पुन्हा टाकलं. परत.

"डुक्कर बाहेर राह्यलं," ते म्हणाले,
"पण मालकही बाहेरच."

पाचचा भोंगा झाला.
किटलीवाला रिकामे कप घेऊन गेला.
कोणी उठलं नाही,
फाटक नेमकं कुठं ठेवायचं
यावर अजून भांडण चाललं होतं.