मापारी

आधी मठ नव्हता.
बिब्याचं झाड होतं नाल्याच्या काठी, त्याखाली एक बावाजी.
कोणी त्यांच्याशी बोलत नसे, कारण ते बोलत नसत.
बिब्याखाली बसलेल्याची कातडी उतते,
त्यांची उतली नाही म्हणे.
साऱ्या गोष्टीत मला एवढंच खोटं वाटतं.

जैता लमाणाचा बैल इथंच बसला, उठला नाही.
मागे बारा गोण्या मीठ, पुढे तांडा दूर जाताना.
ज्याला जिभेचं कामच नाही
तो मिठाला कशाला हात लावील?
असं म्हणून त्यानं गोण्या झाडाशी रचल्या.
चार महिन्यांनी आला. मीठ होतं,
दवानं खाल्लं तेवढं सोडून.

झालं.
सोमाई तेलीण जवसाचं तेल ठेवून जाऊ लागली,
कोष्ट्यांनी कापडाची ठाणं आणली, बाऱ्यांनी पानांचे करंडे,
आणि कुठलीशी एक बाई, नाव नाही राहिलं,
तिनं येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चूल मांडली.
चूल मांडली की गाव झालंच.

भांडण लागलं मापावरून.
दर गावची पायली वेगळी, दर पायलीची शपथ वेगळी.
बावाजींनी गोंदू पाथरवटाला
खडकावर बोट टेकवून दाखवलं.
त्यानं काळ्या दगडात खळगा कोरला, बरोबर एक पायलीचा.
खडक कोण घरी नेऊन तासणार?

बावाजी गेले. शिष्यांनी ओवरी बांधली,
ओवरीला भिंत, भिंतीला वेस,
वेशीत दर गोणीमागे मठाची एक मूठ.
शिष्य बोलत. आकडेच बोलत.
मग मोजायला माणूस लागला, तो आमचा.
पहिल्या मापाला ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणायचं,
एवढं त्याला शिकवलं
आणि आडनाव दिलं.

आता बाजार डांबरी रोडवर भरतो, काटा इलेक्ट्रॉनिक.
एसटीच्या पाटीवर ‘मुकापेठ’.
काहून मुका, पोरं विचारत नाहीत.

मागल्या पोळ्याला मी पायलीभर ज्वारी नेऊन
त्या खळग्यात ओतली.
किती पिढ्यांचे तळवे फिरलेत त्यावरून;
दगड झिजून खोल गेलाय.
पायली संपली तरी भरेना. अजून एक मूठ मावली,
वर दोन-चार दाणे.

सवयीनं ‘लाभ’ म्हटलं तोंडातल्या तोंडात.
कोणाचा, ते कळेना.
ज्वारी तशीच ठेवून आलो,
बाजाराच्या दिवशी, उघड्यावर.