दोघांत तीन जोड

बुधवारी पहाटे गोणी फुटते तेव्हा
आधी वास येतो, परक्या घामाचा, परक्या साबणाचा.
मग एकेक बूट बाहेर पडतो
आपला जोडीदार शोधत.
नाडीला नाडी बांधून मी ते दोरीवर टांगते.
कापसाबेतच्या या बाजारात
बाकीच्या बायका टोमॅटो दाबून बघतात, मी टाचा.

अंगठा रुतला आणि फोम परत वर आला
तर बूट जिवंत.
नाही आला, तर मास्तरांना विकायचा.
ते कुठे पळतात.

किबितोक आला तेव्हा
खिशात एका जोडाचे पैसे
आणि तोंडात अख्ख्या आठवड्याचं वेळापत्रक.
मंगळवारी मैदान, चारशे मीटर पंचवीस वेळा.
गुरुवारी मिनिटभर सुसाट, मिनिटभर संथ.
शनिवारी पस्तीस किलोमीटर, जंगलाच्या कडेनं.
उरलेले दिवस हळू,
"इतकं हळू, मावशी, की गाई पुढे निघून जातात."

म्हटलं, बाळा, सगळ्याला एकच बूट म्हणजे
एकाच पातेल्यात चहा, भाजी
आणि अंघोळीचं पाणी.

मी स्वतः कधी धावले नाही,
मटाटू पकडायला सोडून.
पण एकवीस वर्षं तळवे वाचतेय.
हा बघ, बाहेरची कड झिजलेली, टाच शाबूत,
याचा मालक पंज्यावर उतरायचा.
पानासारखा पातळ आहे, मंगळवारी चालेल.
लांब नेलास तर रात्री पोटऱ्या रडतील.
हा जाड, मऊ, दिसायला अगदी बेडूक,
पण दमलेल्या पायाशी भांडत नाही.
आणि हा, खालून दात असलेला,
पावसात लाल रस्त्याचं लोणी होतं तेव्हाचा.
गुरुवारी?
गुरुवारी कुठलाही घाल. गुरुवार दुखतोच.

पातळ जोड तो हातात तोलत राहिला,
जणू आत काही नसणं
हेच त्याला विकत घ्यायचं होतं.
घेतला मात्र बेडूक. शहाणा.

पुढच्या बुधवारी त्याचा खोलीतला सोबती आला,
सामोएई. बोलणं कमी.
त्यानं पातळ उचलला.
तिसऱ्या बुधवारी दोघं मिळून आले,
घासाघीस करून दातवाला घेऊन गेले.

नऊ नंबर दोघांचा.
सामोएईचा डावा पाय जरा लहान,
म्हणून डाव्या बुटात पुढे वर्तमानपत्राचा बोळा.
एकाचा मंगळवार मंगळवारी,
दुसऱ्याचा मंगळवार बुधवारी.
कोच तोरोइतिच कुरकुरला, मग गप्प झाला.
बुटांना वाळायला वेळ मिळेना.
मला वाटलं, बसला हिशेब.

मग एल्डोरेटची निवड चाचणी लागली. दहा हजार मीटर.
दोघांची नावं एकाच कागदावर,
एकच शनिवार, एकच शिट्टी.

आदल्या संध्याकाळी दोघं माझ्या दोरीखाली उभे,
एकमेकांकडे न बघता.
दोरीवर होते काय? पोरांचे, बायकांचे,
आणि एक डाव्या पायाचा एकटा.
नाणं उडवा, मी म्हटलं.
कुणी उडवलं नाही.
सामोएईनं डाव्या बुटातला बोळा काढून फेकला
आणि पातळ जोड किबितोकपुढे ठेवला.
किबितोकनं घातला. नाडी बांधली.
सोडली. परत बांधली.
मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले,
तिथे बघत बसणं बरं दिसेना.

निकाल रेडिओवर लागला असेल.
मी लावला नाही.

बुधवारी शेजारचं पोरगं दोन जोड घेऊन आलं,
"तळवे सुटलेत, चिकटवून ठेव म्हणालेत."
कोण म्हणालं, विचारलं तर
"दोघं."

बेडकाच्या तळव्यात
मैदानाची बारीक काळी खडी रुतलेली.
नखानं काढता काढता माझा हात थांबला.

पातळ जोडाच्या डाव्या बुटात बोळा होता.
मी तो मांडीवर उलगडला, तळहातानं सरळ केला.
पेपर शनिवारचा.