प्रीतेशला, पंपाची किल्ली देताना

ही घे. कुलूप गंजलंय, आधी जरा उचल, मग फिरव.
पंप लावायच्या आधी गाळणीची टोपली झटक.
मी एकदा विसरलो होतो.
मोटर जळली, आणि वेलकरबाई काहीच बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

लांबी बावीस पावलं. माझी.
तुझी कमी भरतील, तू उंच आहेस.
खोल बाजूला सात फूट, तिथे एक फरशी जास्त निळी आहे,
जोडीची मिळालीच नाही कुठे.

ऑक्टोबरात पाणी दोन दिवसांत हिरवं धरतं.
डोळ्यांना दिसायच्या आधी पायाला कळतं,
पायरीवर अंगठा सरकला की समज.
औषध रात्रीच टाक.
दिवसा टाकलंस तर ऊन पिऊन टाकतं,
आपल्या हातात नुसती पावती.

थंडी म्हणजे इथे काय, पहाटे चारला चादर.
पण तेव्हाच समोरच्या टॉवरची धूळ उतरते,
पाण्यावर करडी साय.
जाळी हळू चालव, दुधावर फुंकर घालतो तशी.
घाई केलीस की ती तळाला बसते
आणि मग दुपारभर तू, ब्रश, आणि ती.

एप्रिलात सोनमोहर झडतो.
एवढा, की वरून बघणाऱ्याला वाटावं
कुणाची तरी हळद लागतेय.
बाई गॅलरीतून म्हणतात, "राहू दे रे थोडी, रत्नाकर."
राहू देतो. दहा मिनिटं.
मग काढतो, कुजली की पाण्याचा चहा होतो.

नळ्या दोन. पिवळी, लिंबाच्या सरबताएवढी.
गुलाबी, उकडलेल्या करंदीसारखी.
त्याहून लाल झाली तर डोळे चुरचुरतील.
कुणाचे, ते विचारू नकोस.

मे महिन्यात पालिकेची कपात, आणि रोज बोटभर पाणी
आपलं आपणच उडून जातं.
टँकर येईल तेव्हा फाटक अर्धंच उघड.
पलीकडच्या गल्लीत कळश्यांची रांग असते,
त्यात तुझी काकूही असते.
मी मान वर करत नाही.
यावरचं औषध माझ्या खोक्यात नाही. तुला सापडलं तर सांग.

आता पावसाळा. हे नीट ऐक.
पाणी काठावरून वाहील, बेडूक अंडी घालतील,
गढूळ बघून तुझे हात शिवशिवतील,
वाटेल, सगळं उपसावं, घासावं, नवं भरावं.
उपसू नकोस.
ही जमीन कागदावर बाईंची, पण खाली अजून खाडीच आहे.
भरती लागली की ती खालून खांदा देते,
आणि रिकामी टाकी होडीसारखी उठायला बघते.
सात बंगल्याला एकाने उपसली होती.
सकाळी पाहतो तर टाकी वीतभर वर,
फरश्या फुटलेल्या, आणि पायऱ्या
हवेतच संपलेल्या.
माझा आजा रिकाम्या होडीत दगडांचं नीरम भरायचा.
तसं समज. हे पाणी पोहायला नाही,
दाबून धरायला आहे.

सतरा वर्षांत मी कुणाला पोहताना पाहिलं नाही.
फक्त एकदा, साहेबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी,
उजाडायच्या आधी बाई तिसऱ्या पायरीवर बसलेल्या,
साडीसकट, कमरेएवढ्या पाण्यात.
नुसत्या बसलेल्या.
मी मोरीमागे उभा राहिलो, दूधवाला येईपर्यंत.
त्या दिवशी औषध टाकलं नाही.

माझे हात बघ. नखांना रंग राहिला नाही.
हातमोजे वरच्या फळीवर आहेत,
मी कधी घातले नाहीत, तू घाल.

आणि पाणी उतरलं तर बाईंना विचारायला जाऊ नकोस.
भर.