कोरं पान धरून

चोपड्याच्या वाचनालयात, दोन नंबरच्या कपाटाखाली
दाखल-नोंदीचं पहिलं बाड सापडलं.
अक्षर विसाजी नथू शिंपी याचं.
उभं, बारीक, हातशिलाईसारखं.

सन अठराशे ब्याऐंशी. पगार सात रुपये.
तेव्हा पुस्तकं दात्याच्या मानाप्रमाणे लागायची,
रावसाहेबांची वर, वखारवाल्या सेठची त्याखाली,
सोनेरी नावं, न फाडलेली पानं,
आणि किल्ली कचेरीत.
त्यानं सगळी जमिनीवर उतरवली, विषयवार लावली.
माणसांच्या वैद्यकाशेजारी गुरांचे रोग आले
म्हणून कमिटीत दोन तास भांडण.
इतिवृत्त त्याच्याच हातचं,
स्वतःच्या बाजूनं एक शब्द नाही.

यादीच्या चिठ्ठ्या म्हणजे वखारीच्या रद्द पावत्या:
एका अंगाला कापूस, मण, शेर,
पाठीवर ग्रंथ, कर्ता, पानं.

महानुभावांच्या शिवलेल्या पोथ्या
तो वाचण्याआधी मोजायचा.
जुड्या किती, भोकं किती, दोरा कुठे बदलला.
कुणी हसलं की म्हणे,
'मना बाप कपडा शिवे, मी पोथ्या उसवस.'
एका जुडीत आठ हवीत, सात निघाली,
आठव्याचा नखभर काठ शिवणीत अडकलेला.
तिथं त्यानं कोरं पान शिवलं, निळ्या दोऱ्यानं,
आणि नोंदलं: गहाळ. जागा राखली आहे.

दिवा एकच होता, आत, वकिलांच्या टेबलावर.
पायरीखाली महारवाड्यातला लहानू
उभ्यानं वर्तमानपत्र ऐकायचा.
ठराव नाही, भाषण नाही.
एका संध्याकाळी विसाजीनं दिवा उचलून ओसरीवर ठेवला.
वकील पुटपुटले,
मग खुर्ची घेऊन बाहेर आले.
वाचायचं तर होतंच ना.

पुण्याहून पत्र यायचं, ग्रंथ लिहा.
उत्तराचा कच्चा मसुदा बाडात आहे:
आधी मोजून होऊ द्या.

मोजून झालं नाही.
शेवटच्या चिठ्ठीवर फक्त 'पाने' एवढंच,
पुढे शाई ओढत गेलेली, टेबलाच्या कडेकडे.

आता संगणक आलाय. मी नोंदी भरतोय.
ती पोथी समोर आहे, निळा दोरा अजून घट्ट.
पडदा विचारतो, पृष्ठसंख्या?
मी पुन्हा पहिल्यापासून मोजतो,
कोरं पान धरून.