बावन्न किलो

मी टाक्यांचा माणूस.
भुसावळात कूलरच्या फायबर बॉड्या
आणि फुटक्या टाक्या जोडतो.
पाणी आत राहावं, एवढंच माझं शिक्षण.
चांगदेवच्या सुपडू भोईचा फोन आला तेव्हा म्हटलं,
काका, नावेचं आपल्याला जमायचं नाही,
तिथे सगळं उलटं.
तो म्हणाला, "उलटीच टाकेल हाये, ये तं खरा."

काठावर नाव पालथी.
भोक नाही, चीर नाही.
मी रुपयाच्या नाण्याने ठोकत गेलो.
चांगल्या फायबरवर नाणं टणकन बोलतं;
बाकाच्या बाजूला आलं
आणि ओल्या भिंतीवर थाप मारावी तसं मुकं झालं.
"बुडत नही रे भो," सुपडू म्हणाला,
"पन आता मले ओढवत नही.
म्या समजलो, मीच म्हातारा झालो."

"मोजा ना तिले एकदाची," केवळबाई म्हणाली.
म्हणून केळीच्या काट्यावर नेली,
घडांच्या चिकाने काळ्या पडलेल्या.
हमाल हसले. व्यापाऱ्याच्या पोराने विचारलं, काय भाव?
एकशे ब्याण्णव.
नवी आली तेव्हाच्या कागदावर एकशे चाळीस.
बावन्न किलो नदी.
त्यात तापी किती, पूर्णा किती,
संगमाच्या गावात कोण सांगणार.

बाक कापला. ग्राइंडरची पांढरी धूळ भुवयांवर.
आत पिवळा फोम,
नाव बुडू नये म्हणून भरलेला,
चहात विसरलेल्या टोस्टसारखा.
मूठ आवळली, तर कोपरापर्यंत ओघळ.
फोमला दोष देणार नाही मी.
त्यातला एकेक बुडबुडा आपापलं दार लावून बसलेला असतो;
पण अंगणात वर्षानुवर्षं पाणी,
वर मे महिन्याचं सेहेचाळीस,
कुठलंही दार कधीतरी फुगतंच.

पण अंगणात पाणी आलं कुठून?
नावेखाली उताणा पडून, टॉर्च दातांत धरून शोधलं.
बाकावर पत्र्याची पाटी:
'राजकन्या', खाली मोबाइल नंबर.
चार कोपऱ्यांना चार स्क्रू, गंजलेले,
ना वायसर, ना सिलिकॉन, नुसते पिळलेले.
सात पावसाळे त्यांनी थेंब थेंब मोजून आत सोडला होता.

"पाटी कोणी लावली?"
सुपडूने बिडी पेटवली.
"गोकुळनं. सुरतेला हाये तो, साडीच्या मिलमधी."
केवळबाई म्हणाली, "नंबर जुना हाये."
मी स्क्रू खिशात टाकले.

थर्माकोल भरा, स्वस्त पडेल, असं कोणी म्हणालं.
इंजिनाशेजारी थर्माकोल! पेट्रोल सांडलं की
तो गूळ विरघळावा तसा बसतो.
नवा फोम आणला, दाट, बंद पेशींचा,
खाली दोन पट्ट्या टाकून बोटभर उचलून ठेवला,
आणि सगळ्यात खालच्या कोपऱ्यात
भोक पाडायला ड्रिल लावलं.
टाकीच्या माणसाचा हात, थरथरला.
जन्मभर भोकं बुजवली.
पण थेंब येणार म्हटल्यावर
त्याला जायची वाट आपणच ठेवलेली बरी.
वर पितळी बूच.

सांगितलं: नाव बाहेर काढली की आधी बूच काढा,
शेपटीकडचं अंग उताराला.
उन्हाळ्यात पालथी ठेवाल तर विटांवर,
खालून वारा खेळला पाहिजे.
आणि स्क्रू मारायचा झाला तर मला विचारून.

पुन्हा काटा. एकशे चव्वेचाळीस.
वरचे चार माझे, म्हटलं, रेझिनचे.

निघताना केवळबाईने पाटी पुढे केली,
लिंबाने घासलेली, पदराने पुसलेली.
चार भोकं रेझिनने भरली
आणि पाटी नुसती चिकटवली.
"नंबर खोडू?"
"ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी नाव पाण्यात लोटली. दोघांनीच.
शेवाळाची जुनी हिरवी रेघ
पाण्याच्या चार बोटं वर राहिली,
सुकायला लागली.
सुपडू ती बघत गुडघाभर पाण्यात उभा,
दोर हातात,
आणि ओढायला काहीच लागत नव्हतं.