बारावं पान

विद्यापीठाचा शिक्का प्रत्येक पानावर, पानं चौदा.
माझं काम ती वाचून दाखवायचं
आणि समजलं का ते विचारायचं.

उपकेंद्राच्या ओट्यावर रायवंता कुमरे,
गुडघ्याला ओलं फडकं बांधून. सिकल.
तीन वर्षांची होती तेव्हापासून हाडं ठणकतात, आता एकतीस.
मी सुरू केलं : सदर अभ्यासात सहभागींची विभागणी
यादृच्छिक पद्धतीने...
तिनं पायावरचा डास हाणला.
'मराठीत वाचा ना जी.'

मराठीतच होतं.

मग मी पानं पालथी ठेवली,
खाली पडलेला एक चिंचोका उचलला
आणि फरशीवर घासून त्याची एक बाजू पांढरी केली.
पांढरी पडली तर नवी गोळी.
काळी पडली तर तशीच दिसणारी, तशीच कडू,
पण आत औषध नसलेली.
तुझी रोजची गोळी दोन्हीकडे चालूच.
फेकणार नागपूरचा संगणक.
सरपंचाची सून असो की डॉक्टरांची बहीण,
चिंचोका कुणाला ओळखत नाही.

'मंग तुमाले तं मालूम असंल, मले कोन्ती भेटली ते.'
मला नाही. डॉक्टरांनाही नाही.
'सारेच आंधळे?'
मुद्दाम. नव्या बियाण्याची बांधी कोणती हे ठाऊक असलं
की मालक तिलाच चार घागरी पाणी जास्त सोडतो
आणि दिवाळीत सांगत फिरतो, बी लई चांगलं.
तिनं मान हलवली. असा एक मालक तिच्या ओळखीचा होता.

'काळी पडली तं मले काय फायदा?'
कदाचित काहीच नाही.
हे वाक्य मोठ्यानं म्हणायचं, असं मी माझ्यापुरतं ठरवलंय.
मळमळेल, पुरळ उठेल, कागदात नाही असंही काही होईल,
झालं तर खर्च विद्यापीठाचा, अर्ध्या रात्री फोन कर.
महिन्याला दोन चमचे रक्त.
बसभाडं आणि बुडालेली मजुरी मिळेल, वर काही नाही.
वर दिलं तर तो बाजार झाला.
तेंदूपानांच्या दिवसांत तारीख पुढे सरकवू.

बारावं पान.
कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता, बाहेर पडता येईल.
त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबणार नाहीत.

'पुन्हा वाचा.'
वाचलं.
'काहून सोडलं म्हनून कोनी इचारनार नाई?'
नाही.
'घरी येऊन बसनार नाई? सासऱ्याले सांगनार नाई?'
नाही.
वरचा पंखा खडखडत राहिला.
'शाळा सोडली तं कारन लागलं.
चार रोज मायच्या घरी राहिली तं लागलं.
रोजगार हमीत सावलीले बसली, तरी मुकादमाले कारन.'
मग पानावर बोट ठेवून, 'हे कोनतं वाक्य आहे, दाखवा.'
मी दाखवलं. वाचता येत नव्हतं पूर्ण,
तरी बराच वेळ बघत होती.

कागद घरी नेले.
आठ दिवसांनी आली, नववीतल्या पुतणीकडून
पुन्हा सगळं वाचून घेऊन.
आणि सही केली, वंता मोठं, राय लहान.

चौथ्या महिन्यात
पिशवीतून उरलेल्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या,
मोजून एकोणीस.
'सोडतो मी.'
दुखणं वाढलं का, कुणी काही बोललं का,
घरी काही झालं का,
सगळं माझ्या ओठांपर्यंत आलं.
ती माझ्या ओठांकडेच बघत होती.
मी गोळ्या मोजल्या. परत मोजल्या.
फॉर्मवर एक रकाना असतो, तो भरला.
कारण : दिले नाही.

पुढच्या बुधवारी नेहमीच्या गोळ्यांच्या रांगेत ती होती,
पुढून तिसरी.
गोळ्या घेतल्या, पदरात बांधल्या,
आणि जाताना माझ्या टेबलावर
तो घासलेला चिंचोका ठेवून गेली.
पांढरी बाजू वर की काळी,
ते मी फाईल सरकवल्यावर बघितलं.
सांगणार नाही.