पाण्याला दिलेलं

साखर दिसत नाही.
या रेणूच्या खांद्यावरून उतरते, त्या रेणूच्या खांद्यावर चढते,
पापणी लवायच्या आत.
म्हणून द्राहोमीरा म्हणाली,
साखरेच्या मागे लागूच नकोस, माटूश.
ती आणणाऱ्याचा रिकामा हात मोज.

ब्रातिस्लावा, जानेवारी, चौथा मजला.
खिडकीखाली डॅन्यूब, भांडी विसळलेल्या पाण्याच्या रंगाची.
बर्फात रोवलेल्या एन्झाइमच्या शेवटच्या पाच नळ्या.
चिमूटभर मँगनीज. देणारा. घेणारा.
सदतीस अंश, वीस मिनिटं,
आणि एकेका रिकाम्या हातामागे
एकेक रेणू अतिनील प्रकाश प्यायचं सोडतो;
पडद्यावरची रेघ उतरत जाते.

उतरली.
पण ज्या नळीत घेणारा घातलाच नव्हता,
जी कोरी, नुसती साक्षीला,
तिचीही उतरली.
फार नाही. चतकोर.

माटूशने पाणी बदललं. बफर नव्याने केलं.
पिपेट तपासून आणलं.
एका रविवारी रखवालदाराकडून किल्ली मागून
एकटाच आला, हातमोज्यांचं नवं खोकं फोडलं.
चतकोर. तिथेच.
तीन आठवडे तो स्वतःच्याच बोटांवर
संशय घेत जेवला.

द्राहोमीराने चश्मा कपाळावर ढकलून वही पाहिली.
एकतीस वर्षं ती कोऱ्या नळ्या पाहते आहे.
मार्चमध्ये जाईल. तिच्या खुर्चीवर
कुणी येणार नाही, तेवढा निधी नाही.
"घाण नाही रे ही," ती म्हणाली.
"एन्झाइमच आहे. घेणारा नसला
तरी ते थोडं देतंच. पाण्याला देतं.
पाणी काय, कुणाचंही घेतं."

"मग?"
"मग काय? वजा कर."
"पण घेणारा आला की पाण्याच्या वाट्याचं घटणार.
म्हणजे वजाबाकीही पुरती खरी नाही."
ती पहिल्यांदाच हसली.
"ते शोधनिबंधात लिही. तळटीपेत. बारीक अक्षरात."

मग तिने त्याचंच पेन घेऊन
रकान्यावरचं 'कोरी' खोडलं,
वर लिहिलं: 'पाण्याला'.
खाली आकडा, तिन्ही दशांश स्थळांपर्यंत.
कप विसळला, पालथा घातला,
आणि ट्रॉलीबस चुकेल म्हणून
कोटाची बटणं जिन्यातच लावत उतरली.